शेव्हेल घेऊ का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार. मी वीसेक वर्षं अमेरिकेत आहे, सध्या मिशिगनमध्ये, वय ५१, आयटीत नोकरी. इथे आल्यापासून दर ऑगस्टला वुडवर्ड ॲव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ बघायला जातो आणि जुन्या गाड्यांचं वेड मला तिथेच लागलं. आता ओळखीतल्या एका गृहस्थांकडे १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ आहे (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ४५४ म्हणजे इंजिनचे क्युबिक इंच), ते ८०,००० डॉलर म्हणतायत. असल्या गाड्या आता कुणी बनवत नाही, त्यामुळे दहा वर्षांत किंमत सहज दुप्पट होईल असा माझा हिशोब आहे. बायको म्हणते हौस म्हणून घे, पण गुंतवणूक वगैरे मला सांगू नकोस. अर्धे पैसे सेव्हिंगमध्ये आहेत, अर्धे ४०१-के मधून, म्हणजे निवृत्तीच्या खात्यातून, काढायचे म्हणतोय. काय करू?

उत्तर: आधी ४०१-के चं बोलून घेऊ. त्याला हात लावू नका. वयाच्या साडेएकोणसाठच्या आधी पैसे काढले की साधारणपणे १० टक्के दंड बसतो आणि वर ती सगळी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून इन्कम टॅक्स लागतो, म्हणजे चाळीस हजार काढलेत तर गाडीपर्यंत चाळीस पोचणारच नाहीत, आणि ती तूट भरून काढण्यातच गाडीची पहिली काही वर्षं जातील. सेव्हिंगमधले जे पैसे पुढची दहा वर्षं लागणार नाहीत तेवढ्यात बसत असेल तरच पुढचं वाचा.

आता दुप्पट होण्याचा हिशोब. तो एकदा कागदावर मांडूनच बघा, कारण बहुतेक जण विकत घेतलेली किंमत आणि विकलेली किंमत एवढंच धरतात आणि मधली दहा वर्षं गाडी फुकट उभी होती असं समजतात. समजा हीच गाडी तुम्ही लिलावात घेतलीत, हातोडा ८०,००० ला पडला. मोठ्या लिलावांत घेणाऱ्याकडून वर साधारण १० टक्के फी घेतात, झाले ८८,०००. (तुमचा सौदा थेट आहे म्हणून ही फी वाचेल, पण मग सेल्स टॅक्स आहेच, तो मी कुठेच धरलेला नाही.) इन्शुरन्स, कोरडी बंद जागा, बॅटरी, टायर, ब्रेक, कार्ब्युरेटरची कामं असं मिळून वर्षाला ३,००० धरा, हा माझा अंदाज आहे आणि गाडी चांगली निघाली तरचा आहे. दहा वर्षांचे ३०,०००. एकूण १,१८,०००. विकताना कमिशन ८ टक्के गेलं तर नुसते आपले पैसे परत यायलाच गाडी १,२८,००० ला जायला पाहिजे. म्हणजे किंमत वर्षाला पावणेपाच-पाच टक्क्यांनी वाढली तर तुम्ही शून्यावर! आणि तुमच्या मनासारखी खरंच दुप्पट होऊन १,६०,००० ला गेली तर सगळं वजा जाता हातात फायदा राहतो २९,००० च्या आसपास, तोही टॅक्सच्या आधी. दहा वर्षांत ८८,००० वर २९,०००. एवढं तर गाडीशिवायही जमलं असतं.

टॅक्सचंही सांगतो. गाडी कलेक्टिबल म्हणून धरली गेली तर लाँग टर्म फायद्यावर २८ टक्क्यांपर्यंत टॅक्स लागू शकतो, शेअर्सवर तोच जास्तीत जास्त २० आहे. आणि तोटा झाला तर? स्वतः वापरायला घेतलेली गाडी तोट्यात विकली तर तो तोटा टॅक्समध्ये दाखवता येत नाही. फायद्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे. पूर्वी एक गाडी विकून दुसरी घेताना १०३१ एक्स्चेंज करून टॅक्स पुढे ढकलायची युक्ती चालायची, २०१८ पासून ती फक्त रिअल इस्टेटपुरती उरली.

मग लोक करोडोंच्या गोष्टी सांगतात त्या खोट्या का? नाही, खऱ्या आहेत. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा (हेमी हे डॉज-प्लिमथमधलं ताकदवान व्ही-८ इंजिन), कन्व्हर्टिबल, एकूण बनल्या जेमतेम ११. त्यातली एक २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. पण त्याच जातीची दुसरी २०२१ मध्ये इंडियानापोलिसला उभी राहिली, बोली ४८ लाखांपर्यंत चढली आणि मालकाने ती दिली नाही. म्हणजे एवढ्या दुर्मिळ गाडीतसुद्धा मालकाच्या मनातली किंमत आणि समोर आलेला पैसा यांची गाठ पडली नाही! ११ गाड्यांचा नियम तुमच्या शेव्हेलला लावू नका. एसएस शेव्हेल हजारोंनी बनल्या आणि गेली चाळीस वर्षं लोक त्या जपतायत, दुरुस्त करतायत, नव्याने उभ्या करतायत. ‘आता कुणी बनवत नाही’ हे खरं आहे, पण असलेल्या संपतही नाहीयेत.

या गाड्यांना एवढी किंमत का आली ते बघा म्हणजे पुढचं कळेल. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून हे मसल कारचं युग धरतात, मधल्या आकाराची साधी गाडी आणि त्यात मोठं इंजिन, तरुण पोराला परवडेल अशा पैशात. १९७० ला कळस झाला, जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांवरची ४०० क्युबिक इंचांची मर्यादा उठवली आणि शेव्हेलमध्ये ४५४ आलं, त्यातल्या एलएस६ या सगळ्यात ताकदवान इंजिनला ४५० हॉर्सपॉवर. पुढच्याच वर्षी कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून कॉम्प्रेशन, आणि त्याबरोबर ताकद, उतरवलं, धुराचे नियम कडक होत गेले, इन्शुरन्सवाल्यांनी तरुण पोरांना परवडणार नाही असे हप्ते लावले आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं. त्यानंतर बरीच वर्षं या नुसत्या जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या होत्या. किंमत आली ती नंतर, ज्यांना कॉलेजात असताना ही गाडी घेता आली नव्हती त्यांच्या हातात पन्नाशीत पैसा आला तेव्हा. ती पिढी आता सत्तरीत-ऐंशीत आहे, त्यांच्या गाड्या हळूहळू बाजारात येतायत आणि आजच्या चाळिशीतल्या माणसाच्या मनात शेव्हेल नाही, त्याच्या मनात लहानपणी भिंतीवर पोस्टर लावलेली ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाडी आहे, टोयोटा सुप्रा वगैरे. तुम्ही दहा वर्षांनी विकाल तेव्हा घेणारा कोण, हा प्रश्न मला किमतीपेक्षा मोठा वाटतो.

आणि बाजार सरळ वर जात नाही. २००६-०७ ला मसल कारच्या किमती चढल्या होत्या, लोक कर्ज काढून घेत होते, मग २००८ चं संकट आलं आणि ज्यांना तातडीने विकायची होती त्यांना मिळेल त्या भावात द्यावी लागली. २०२१-२२ ला परत गरम झाला, नंतर परत थंडावला. शेअर अर्धा विकता येतो हो, गाडीचा अर्धा दरवाजा विकून मुलीच्या कॉलेजची फी भरता येत नाही.

इतकं सांगूनही तुमचा जीव त्या गाडीत अडकला असणार, मी समजू शकतो. म्हणून आता खरी महत्त्वाची गोष्ट. किंमत नंतर ठरवा, आधी ती गाडी खरंच एसएस ४५४ आहे का ते बघा.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका मित्राबरोबर ओहायोत एक जीटीओ बघायला गेलो होतो. १९६८ ची. गॅरेजचं दार वर गेलं, हिरव्या रंगाची, क्रोम चकचकीत, मित्र तर दारातच थांबला. गाडीचे मालक सत्तरीचे, अतिशय सज्जन, त्यांनी कॉफी विचारली, गाडी चालू करून दाखवली, तो आवाज गॅरेजच्या फरशीतून पायात येत होता. मी टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या बाजूने पुढच्या काचेतून डॅशबोर्डवरची व्हिन पट्टी, म्हणजे गाडीचा कारखान्यातला ओळख नंबर, वाचली. पहिले तीन आकडे २३७. मी परत वाचले. त्या वर्षीच्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, २३७ म्हणजे ल मान्स, त्याच अंगाची स्वस्त बहीण. कुणीतरी कधीतरी बॉनेट, बिल्ले सगळं जीटीओचं लावून दिलं होतं. त्या गृहस्थांना सांगायची वेळ आली तेव्हा माझ्याच्याने बोलवेना, मित्राने सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन एक फाइल घेऊन आले, त्यात पंधरा वर्षांची सगळी बिलं नीट लावलेली होती, प्रत्येक स्पार्क प्लगचं बिल होतं, आणि गाडी कारखान्यातून काय म्हणून निघाली याचा एक कागद नव्हता. त्यांनी स्वतः जीटीओचे पैसे मोजून ती घेतली होती. पंधरा वर्षं ते ज्याला आपली पुंजी समजत होते ती पहिल्या दिवशीच अर्ध्याहून कमी होती. मला अजून ते फाइल मिटताना दिसतात.

पॉन्टिॲकमध्ये हे निदान नंबरवरून पकडता येतं, आणि कारखान्याच्या नोंदींची प्रतही पैसे भरून मिळते. फोर्डचं तसंच आहे, १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मागवला की रंग, इंजिन, डीलरपर्यंत सगळं येतं. डॉज-प्लिमथमध्ये व्हिनचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, १९७०-७१ च्या गाड्यांत तिथे आर असेल तर ४२६ हेमी. पण तुमची गाडी शेव्हरोले आहे आणि इथेच अवघड आहे. १९७० च्या शेव्हेलमध्ये एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतंच, ते मलिबूवर, म्हणजे शेव्हेलच्याच नेहमीच्या मॉडेलवर, घेतलेलं ऑप्शन होतं, त्यामुळे व्हिन नंबर तुम्हाला फक्त व्ही-८ मलिबू आहे एवढंच सांगेल. एसएस आहे की नाही याबद्दल तो गप्प. म्हणूनच खोट्या एसएस इतक्या फिरतात.

मग काय बघायचं? कागद. बिल्ड शीट म्हणजे कारखान्यात गाडी जोडताना तिच्याबरोबर फिरणारा कागद, तो कधी पेट्रोल टाकीच्या वर, कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो, फाटका, डागाळलेला, पण तो सापडला तर त्या कागदाची किंमत हजारोंत आहे. मूळ विंडो स्टिकर, डीलरचं बिल, किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची वॉरंटीची छोटी धातूची पट्टी, यातलं काहीतरी पाहिजे. त्यानंतर इंजिन. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते, तिथे इंजिनचा कोड आणि व्हिनचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात, ते गाडीच्या व्हिनशी जुळले तर ‘नंबर्स मॅचिंग’. पण ती जागा घासून नवे आकडे ठोकणारेही आहेत. कारखान्याच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा त्या जागेवर दिसतात, त्या नसतील आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर संशय घ्या. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या थोडी आधीची पाहिजे, नंतरची असेल तर विषय संपला.

मिशिगनची गाडी आहे म्हणून गंज आलाच, तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या चाकांवरचे क्वार्टर पॅनल, डिकीचा तळ, मागच्या काचेच्या खालची पन्हळ, इथे फ्रीजवर लावतो तसला साधा चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, फिलर आहे. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका, आणि बघायला त्या मॉडेलचा माहीतगार माणूस न्या, त्याला चार-पाचशे डॉलर द्यावे लागले तर द्या. विकणारे ओळखीचे आहेत म्हणून संकोच वाटेल, पण त्या ओहायोच्या गृहस्थांसारखं त्यांनाही माहीत नसेल कदाचित.

कागद निघाले, इंजिन मूळचं निघालं, खालचा पत्रा शाबूत निघाला, तर ८०,००० वर बोलणी करण्यात अर्थ आहे. कागद नाहीत तर ती एक छान दिसणारी मलिबू आहे, तिची किंमत तशीच ठरवा. आणि वहिनी म्हणतायत ते बरोबर आहे, हौस म्हणूनच घ्या. तुम्ही ती चालवलीत, मुलांना घेऊन वुडवर्डवर गेलात, तर वर्षाचे ते ३,००० वाया गेले असं वाटणार नाही. चादर टाकून गॅरेजमध्ये ठेवलीत तर नुसते जातायत असंच वाटत राहील.

प्रश्न: माझ्याकडे २०२३ ची डॉज चॅलेंजर आहे, व्ही-८ ची शेवटची आवृत्ती म्हणून मुद्दाम घेतली. फक्त ९० मैल चालली आहे, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. वीस वर्षं अशीच ठेवली तर चांगला फायदा होईल ना? (टेक्सास)

उत्तर: तुमच्यासारखा विचार १९७८ मध्ये खूप लोकांनी केला होता. इंडियानापोलिस ५०० या शर्यतीच्या पेस कारची (शर्यत सुरू होताना सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी) प्रतिकृती म्हणून शेव्हरोलेने काळी-चंदेरी कॉर्व्हेट काढली, स्टिकरवर किंमत १३,६५३ डॉलर, लोक त्यावर हजारो डॉलर जास्त देऊन घेऊन गेले आणि न चालवता झाकून ठेवल्या. बनल्या ६,५०२. सगळ्यांनीच जपल्या म्हणून आजही बाजारात कोऱ्यासारख्या मिळतात आणि महागाई धरली तर त्या वेळच्या स्टिकरच्या किमतीलाही बहुतेक पोचत नाहीत. त्याच्या दोन वर्षं आधी कॅडिलॅकने एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून विकली, लोकांनी साठवली, आणि १९८४ ला कंपनीने परत कन्व्हर्टिबल काढली. चिडलेले मालक कोर्टात गेले. ‘शेवटची’ हा शब्द कंपनीचा असतो, तो कधीही मागे घेता येतो. तुमच्याच हेमीचं बघा, रॅमने पिकअपमधून काढलेलं ५.७ लिटरचं हेमी २०२६ च्या मॉडेलला परत आणलं.

जुन्या हेमीला किंमत आली कारण तेव्हा त्या कुणी जपल्याच नाहीत, पोरांनी त्या रस्त्यावर पळवून, ठोकून, इंजिनं बदलून संपवल्या. तुमची कुठली आवृत्ती आहे ते लिहिलं नाहीत. डेमन १७० असेल तर थोडा वेगळा विचार, ती जास्तीत जास्त ३,३०० च काढायची असं कंपनीने जाहीर केलं होतं. तरी तेवढ्यातल्या कितीतरी आज तुमच्यासारख्याच प्लॅस्टिकमध्ये आहेत. साधी आर/टी किंवा स्कॅट पॅक असेल तर प्लॅस्टिक काढा आणि चालवा. शिवाय उभी गाडी चांगली राहते हा गैरसमज आहे, रबरी सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत खराब होतं, ब्रेक ऑइल ओलावा धरतं. वीस वर्षांनी घेणारा माणूस ९० मैल बघून खूश होईल आणि मग ती चालवण्याजोगी करायला काय लागेल ते किमतीतून कापेल.

प्रश्न: १९६९ ची मस्टँग, गंजलेली, इंजिन नाही, १२,००० ला मिळतेय. स्वतः रिस्टोअर करून विकली तर? (नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर: स्वतःच्या हातांनी करणार असाल आणि हातांचे पैसे धरणार नसाल तर करा, शिकाल भरपूर. विकून कमवायला नको. पत्र्याचं काम आणि रंग बाहेर दिला की तिथेच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातात, क्रोम, काचा, सीट, वायरिंग अजून बाकीच. याच मॉडेलची चांगली तयार गाडी कुणीतरी दुसऱ्याने लाखभर घालून अर्ध्यात विकायला काढलेली सापडते, ती घेणं केव्हाही स्वस्त. आणि मूळ रंग, मूळ पत्रा शिल्लक असलेल्या गाडीला तर हातच लावू नये. ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात किसिमीच्या लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, ती रंग उडालेली, डागाळलेली, तशीच होती. ती एकाच घरात १९७४ पासून होती आणि त्या घरातली बाई काही वर्षं ती रोज कामावर जायला वापरत होती.

केलीतच तर प्रत्येक बिल आणि कामाचे फोटो ठेवा. गाडीची किंमत वाढवणारा खर्च टॅक्सच्या वेळी खरेदी किमतीत मिळवता येतो, नुसत्या देखभालीचा नाही.

प्रश्न: माझ्या १९६७ च्या जीटीओचा इन्शुरन्स रोजच्या गाडीच्याच कंपनीकडे आहे, चालेल ना? (न्यू जर्सी)

उत्तर: पॉलिसी आजच काढून बघा. त्यात ‘ॲक्चुअल कॅश व्हॅल्यू’ लिहिलं असेल तर नुकसान झाल्यावर कंपनी घसारा धरून किंमत ठरवेल, आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाडीचा घसारा म्हणजे काय ते तुम्हाला तेव्हा कळेल. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ ऐकायला बरं वाटतं पण त्यातही कंपनी कमी देऊ शकते. तुम्हाला हवी ती ‘ॲग्रीड व्हॅल्यू’, म्हणजे आकडा आधीच दोघांनी मान्य करायचा आणि गाडी पूर्ण गेली तर तो मिळतो. जुन्या गाड्यांचाच विमा करणाऱ्या कंपन्या ही पॉलिसी देतात आणि हप्ता बहुतेक वेळा रोजच्या गाडीपेक्षा कमीच असतो. अटी असतात, गाडी बंद गॅरेजमध्ये पाहिजे, रोज कामाला न्यायची नाही, घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी पाहिजे. आकडा दोन-तीन वर्षांनी नव्याने ठरवून घ्या, आणि व्हिन पट्टी, इंजिनवरचे आकडे यांचे फोटो गाडीत नाही, घरात दुसरीकडे ठेवा.